नेकचं लाकूड, ब्रिज आणि आवाज: इलेक्ट्रिक गिटार घेताना पैसे कशाचे मोजायचे?

(एपिसोडची लिखित आवृत्ती. ऑडिओत जिथे वाजवून दाखवलंय, तिथे वाचणाऱ्यांसाठी शब्दांत सांगितलंय.)

आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. रत्नागिरीचा एक श्रोता विचारतोय: "दादा, बजेट पंचवीस हजार. दोन गिटार बघून ठेवल्यात. एकीला रोस्टेड मेपलचा नेक आणि साधा फिक्स ब्रिज. दुसरीला रोझवुड फ्रेटबोर्ड आणि फ्लॉइड रोझ टाइप ब्रिज. दुकानदार म्हणतो मेपल ब्राइट, रोझवुड वॉर्म. मला थोडं मेटल, थोडं ब्लूज वाजवायचंय. कुठली घेऊ? पुढची पाच वर्षं तरी दुसरी घेता येणार नाही."

ते शेवटचं वाक्य वाचून मी ठरवलं की "दोन्ही चांगल्या आहेत रे" असं उत्तर द्यायचं नाही. नीट खोलात जाऊ.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे काय? लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज तयार होते, ती ॲम्पला जाते. संपलं. पिकअपला लाकूड "ऐकू" येत नाही, त्याला फक्त तारेची हालचाल कळते. अकूस्टिक गिटारची गोष्ट वेगळी. तिथे वरची लाकडी फळी हवा ढकलते, तेव्हा कुठे आपल्या कानाला आवाज येतो. आपल्या डोक्यात "चांगलं लाकूड म्हणजे चांगला आवाज" हे समीकरण बसलंय ते तिथून, आणि सतारीच्या भोपळ्यावरून.

मजा म्हणजे बाजारात यश मिळवलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिकनबॅकरने काढलेली ती गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. आकार अगदी तव्यासारखा, म्हणून तिचं नावच पडलं 'फ्राइंग पॅन'.

आणि काही वर्षांपूर्वीचा जिम लिलचा यूट्यूब व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याने गिटारच काढून टाकली! दोन जड बाकांच्या मधे तारा ताणल्या, खाली पिकअप बसवला. तारांची लांबी, पिकअपची जागा आणि तारेपासूनचं अंतर आपल्या चांगल्या टेलिकास्टर छापाच्या गिटारसारखं ठेवलं. आवाज? इतका जवळचा की फरक शोधत बसावं लागतं.

मग विषय इथेच मिटला का? नाही. त्या प्रयोगात तारेची दोन्ही टोकं जड बाकांवर होती, आणि बाक हलत नाही. नेक हलतो. लाकडाची खरी भानगड तिथे सुरू होते.

तारेला तुम्ही पिकने ऊर्जा दिलीत. ती ऊर्जा जाते कुठे? थोडी हवेत, थोडी तारेच्या आतल्या घर्षणात, आणि उरलेली दोन टोकांतून. एक टोक ब्रिजवर, दुसरं तुम्ही दाबलेल्या फ्रेटवर. ज्या बाजूची जागा हलकी आणि लवचीक, तिकडून ऊर्जा जास्त गळते. नेक म्हणजे एक लांब, सडपातळ पट्टी, तिच्या टोकाला हेडस्टॉक आणि सहा मशीन हेडचं वजन. एका बाजूने घट्ट धरलेली स्टीलची पट्टी टिचकी मारली की कशी थरथरते, तसंच. या पट्टीच्या थरथरण्याच्या स्वतःच्या ठरावीक फ्रिक्वेन्सी असतात. तुम्ही वाजवलेला सूर त्यातल्या एखाद्या फ्रिक्वेन्सीशी जुळला आणि त्या फ्रेटपाशी नेक जास्त हलणारा निघाला, की तार आपली ऊर्जा पटकन नेकला देऊन टाकते. सूर निघतो, आणि मरतो. याला म्हणतात डेड स्पॉट.

बेस वाजवणाऱ्यांना हे सांगायला नको. फेंडर धाटणीच्या बेसवर जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर मलूल असतो, ही जगजाहीर तक्रार आहे. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे रीतसर मोजलं. नेक कुठल्या जागी, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सहज हलतो ते पाहिलं, आणि डेड स्पॉट नेमके तिथेच सापडले. पुढे पॅरिसमधल्या आर्थर पाते आणि सहकाऱ्यांनी नेकचं असं मोजमाप करून सूर किती वेळ टिकेल याचा आधीच अंदाज बांधता येतो हे दाखवलं. या सगळ्यात ब्रिजच्या बाजूची हालचाल नेकच्या मानाने फारच कमी निघते. म्हणजे सॉलिड बॉडी गिटारमध्ये लाकडाचा परिणाम शोधायचाच असेल, तर बॉडीपेक्षा नेककडे बघा.

पण इथे दुकानदाराच्या वाक्याची गडबड लक्षात घ्या. तो म्हणतो "मेपल ब्राइट". वर सांगितलेल्या गोष्टीत "मेपल" हा शब्द कुठे आला? नेकची जाडी, लांबी, हेडस्टॉकचं वजन, मशीन हेडचं वजन, बॉडीशी जोड, आणि मग त्या विशिष्ट तुकड्याचा ताठपणा आणि घनता. लाकडाची जात ही यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर थोडाफार प्रभाव टाकते. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी कापलेल्या दोन मेपल नेकचे डेड स्पॉट वेगळे निघू शकतात. महॉगनी मेपलपेक्षा साधारणपणे हलकी आणि कमी ताठ, हे खरं. पण "महॉगनी नेक म्हणजे जाड मधाळ आवाज" हे त्यावरून सिद्ध होत नाही. कुठला सूर किती टिकतो एवढंच त्यावरून बदलतं, आणि तेही प्रत्येक फ्रेटला वेगळं.

तुम्ही म्हणाल, मग लेस पॉल आणि स्ट्रॅटोकास्टर इतक्या वेगळ्या का वाजतात? एकीत महॉगनी नेक, दुसरीत मेपल, फरक तर आंधळ्यालाही कळतो! बरोबर. पण मोजा तरी काय काय वेगळं आहे. लेस पॉलची स्केल पावणेपंचवीस इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस. एकीत हंबकर, दुसरीत सिंगल कॉइल. व्हॉल्यूमचे पॉट एकीत सहसा ५०० किलोओहम, दुसरीत २५०. पिकअपच्या जागा वेगळ्या. एकीचा नेक चिकटवलेला, दुसरीचा स्क्रूने बसवलेला. ब्रिज तर पूर्ण वेगळा. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या लाकडाला देणं म्हणजे मिसळ आवडली म्हणून तिच्या स्टीलच्या वाटीचं कौतुक करण्यासारखं आहे.

आता फ्रेटबोर्ड. मला स्वतःला हा सगळ्यात रंजक भाग वाटतो, कारण यात सूर कमी आणि बाजार जास्त आहे.

फेंडरने १९५० मध्ये सुरुवात केली ती एकसंध मेपल नेकने. वेगळा फ्रेटबोर्ड नाहीच, फ्रेट थेट नेकवर. लिओ फेंडरला तर वाटलं होतं की मेपल इतका ताठ आहे की आत लोखंडी ट्रस रॉडचीही गरज नाही. सुरुवातीच्या काही गिटार तशाच बाहेर पडल्या, नेक वाकायला लागले, आणि ट्रस रॉड आला. पुढे १९५९ च्या सुमारास स्ट्रॅट आणि टेलीवर रोझवुडचा फ्रेटबोर्ड आला. कारण काय? मेपलवरचं लॅकर बोटांनी घासून जायचं आणि खालचं पांढरं लाकूड काळपट, मळकट दिसायचं. दिसायचं! हा निर्णय नजरेसाठी झाला होता. "वॉर्म टोन"चं बारसं नंतर झालं.

आणि हे रोझवुड म्हणजे काही परकी वस्तू नाही बरं का. जगभरच्या हजारो गिटारवर जे इंडियन रोझवुड लागतं, ते म्हणजे आपला शिसव. सह्याद्रीत वाढणारं झाड. आजीच्या घरातला शिसवी पलंग किंवा झोपाळा आठवतोय? तेच लाकूड. याच लाकडाच्या आणि भारतीय आबनुसाच्या आयातीवरून २०११ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले होते. त्याआधी २००९ मध्ये मादागास्करच्या आबनुसावरून पडले होतेच. २०१२ मध्ये कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. मग २०१७ च्या जानेवारीपासून रोझवुडच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली आल्या. एक गिटार सीमेपार विकायची तरी कागदपत्रं. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारवर रोझवुडऐवजी पाउ फेरो लावायला सुरुवात केली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

आता मला सांगा, त्या काळात रेकॉर्ड झालेल्या गाण्यांतून तुम्ही "हा पाउ फेरो, हा रोझवुड" असं ओळखू शकता? मी तरी कोणी ओळखलेलं ऐकलं नाही. अकूस्टिकमध्ये, जिथे लाकूड खरोखर आवाज करतं, तिथेसुद्धा एक चाचणी झाली होती. इंग्लंडमध्ये फक्त मागच्या आणि बाजूच्या फळ्यांचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटार बनवल्या, बाकी सगळं सारखं. बावन्न वादकांना अंधाऱ्या खोलीत वेल्डिंगचे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. महाग लाकूड कुठलं आणि स्वस्त कुठलं हे त्यांना आवाजावरून सांगता आलं नाही. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यामुळे निव्वळ टोनसाठी शिसव तोडायला मी तरी तयार नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. वादक जेव्हा म्हणतो "मेपलवर माझा हात वेगळा चालतो", तेव्हा तो खोटं बोलत नसतो. लॅकर लावलेला मेपल गुळगुळीत लागतो, रोझवुड कोरडं, थोडं खरखरीत. नेकचा आकार तळव्यात बसला तर तुम्ही जोरात बेंड करता, नाही बसला तर बिचकत वाजवता. नेकची थरथर तुमच्या हाताला जाणवते, पोटाला जाणवते. हे सगळं तुमच्यासाठी खरं आहे. मोबाइलवर रील ऐकणाऱ्यापर्यंत मात्र त्यातलं फक्त तुमचं वाजवणं पोहोचतं.

चला, ब्रिज. इथे माझं मत एकदम बदलतं.

ब्रिजला आपल्याकडे शब्द आहे, घोडी. आणि घोडीने आवाज किती बदलतो हे मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. तंबोरा आठवा. मिरजेचे कारागीर घोडीच्या पृष्ठभागावर जी जवारी काढतात, त्यात तार एका हलक्या उताराला घासत-घासत हलते आणि तो भरलेला, झणझणीत आवाज येतो. तीच तार धारदार कडेवर ठेवली तर साधा टणत्कार. इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला नेमकी ती धारदार कड हवी असते. तार सॅडलच्या एका बिंदूवरून स्वच्छ सुटली पाहिजे. सॅडलची खाच घासून सपाट झाली असेल, तर गिटार नको तिथे सतारीसारखी झणझणते. १९६० च्या दशकात कोरल नावाच्या इलेक्ट्रिक सितारमध्ये मुद्दाम असाच सपाट ब्रिज बसवला होता! तेव्हा "माझा नेक बझ करतोय" म्हणण्याआधी सॅडल बघा.

फिक्स ब्रिजमध्ये विशेष सांगण्यासारखं कमी आहे, आणि तोच त्याचा गुण. हार्डटेल असो किंवा गिब्सनचा १९५४ चा ट्यून-ओ-मॅटिक, तार बसवली, ट्यून केली, विषय संपला. टेलिकास्टरचा ब्रिज तेवढा अपवाद. तिथे पिकअप थेट ब्रिजच्या धातूच्या पत्र्यात लटकवलेला असतो. पत्रा स्टीलचा असेल तर तो पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रातही लुडबूड करतो आणि पत्र्याची थरथरही पिकअपला जाते. टेलीच्या त्या टोकदार आवाजात या पत्र्याचा वाटा आहे. म्हणजे ब्रिज विजेच्या वाटेनेही आवाज बदलतो.

आता ट्रेमोलो. १९५४ च्या स्ट्रॅटमध्ये लिओ फेंडरने जी युक्ती केली ती आजही तशीच वापरतात. ब्रिजच्या खाली एक जड धातूचा ठोकळा, त्याला मागून स्प्रिंगा. साध्या दहाच्या सेटमध्ये सहा तारांचा एकूण ताण साधारण पंचेचाळीस किलोच्या आसपास जातो. तेवढ्याच ताकदीने मागून स्प्रिंगा ओढतात. ब्रिज या दोघांच्या रस्सीखेचीत मधे तरंगतो. हे चित्र डोक्यात ठेवलंत की बाकी सगळं आपोआप कळतं.

एक तार बेंड केली, तिचा ताण वाढला, ब्रिज किंचित पुढे झुकला, बाकीच्या पाच तारा उतरल्या. ब्लूजमध्ये एक तार बेंड करून दुसरी तशीच धरून ठेवायची असते ना, तिथे तरंगत्या ब्रिजवर धरलेली तार बेसूर होते. फिक्स ब्रिजवर होत नाही. एक तार तुटली? रस्सीखेचीतला एक गडी गेला, ब्रिज मागे पडला, सगळी गिटार चढली. ड्रॉप डी करायचं? जाड तार सैल केली की बाकीच्या पाच चढतात. पुन्हा ट्यून करा, पुन्हा बदलतं.

आणि त्या मागच्या स्प्रिंगा स्वतःही वाजतात. ऑडिओत मी स्ट्रॅट ॲम्पला लावून तारा हाताने दाबून धरल्या आणि बॉडीवर टिचकी मारली. तो लांबून विहिरीतून आल्यासारखा "ट्ऽऽइंग" ऐकलात? त्या स्प्रिंगा. काहींना स्ट्रॅटचा तो हवेशीरपणा याच्यामुळेच आवडतो. मेटलमध्ये घट्ट पाम म्यूट मारून एकदम थांबल्यावर मात्र तो कानाला टोचतो. उपाय अगदी फुकट आहे: स्प्रिंगांमध्ये फोमचा तुकडा खोचा.

फ्लॉइड रोझ ही याचीच पुढची पायरी. १९७० च्या दशकाच्या अखेरीला आलेली, एडी व्हॅन हेलनच्या हातून गाजलेली. तारा नटपाशीही स्क्रूने आवळतात आणि ब्रिजमध्येही. त्यामुळे बार खाली दाबून तारा पार लोंबकळवल्या तरी सोडल्यावर सूर परत जागेवर. कमाल यंत्र आहे, खोटं नाही. पण ते सगळं दोन धारदार कडांवर तोललेलं असतं. त्या कडा चांगल्या कडक स्टीलच्या असतील तर वर्षानुवर्षं टिकतात. स्वस्त गिटारवर मऊ धातूच्या असतात, त्या झिजतात. मग ब्रिज दर वेळी वेगळ्या जागी बसतो आणि जे यंत्र सूर राखण्यासाठी घेतलं, तेच सूर राखत नाही. तारा बदलायला ॲलन की, आणि नवीन माणसाला तासभर.

(बिग्सबीबद्दल विचारणाऱ्यांनो: सुंदर दिसतो, हलका कंप देतो, या बजेटमध्ये विसरा.)

आता आपल्या हवामानाकडे येऊ, कारण नेकच्या लाकडाचा सगळ्यात मोठा परिणाम मला तिथे दिसतो. लाकूड पावसाळ्यात ओलावा पितं, फुगतं. उन्हाळ्यात सुकतं, आकसतं. नेक किंचित पुढे किंवा मागे वाकतो. तारांची उंची बदलते, कुठे बझ येतो, सूर सरकतात. विदर्भातल्या मे महिन्यात लाकूड इतकं आकसतं की फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटांना टोचतात. कोकणात जुलैमध्ये उलटी तऱ्हा. त्यासाठी ट्रस रॉड असतो, पाव फेरा फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. जोर लावून फिरवू नका, एवढंच.

रोस्टेड मेपल म्हणजे कमी ऑक्सिजनमध्ये भाजलेलं मेपल. रंग बिस्किटासारखा तपकिरी होतो, आणि ते नंतर ओलावा कमी पितं. जाहिरातीत त्याच्या "व्हिंटेज टोन"बद्दल बरंच लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. पण रत्नागिरीच्या पावसात सरळ राहणारा नेक ही पैसे मोजण्यासारखी गोष्ट आहे.

तर मित्रा, तुझं उत्तर. पहिली गिटार घे, रोस्टेड मेपल आणि फिक्स ब्रिजवाली. तुला ब्लूजचे बेंड हवेत आणि मेटलसाठी ड्रॉप ट्यूनिंग हवं, दोन्ही फिक्स ब्रिजवर सोपं. "ब्राइट"ची भीती बाळगू नको. आवाज मऊ हवा असेल तर टोनची नॉब आहे, नेककडचा पिकअप आहे. पिकअपची उंची स्क्रूड्रायव्हरने दोन मिलिमीटर खाली-वर करून बघ, आणि तारा नव्या लाव. यातली कुठलीही एक गोष्ट फ्रेटबोर्डच्या लाकडापेक्षा जास्त फरक पाडेल. डाइव्ह बॉम्बशिवाय तुझं पानच हलत नसेल तरच दुसरीचा विचार कर, आणि तेव्हासुद्धा ब्रिजच्या कडा कुठल्या धातूच्या आहेत ते विचार.

दुकानात गेलास की हे कर. गिटार ट्यून करून घे, ॲम्प क्लीन ठेव. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटपासून पंधराव्यापर्यंत एकेक सूर सारख्याच जोराने वाजव आणि संपेपर्यंत थांब. मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड कर, लाटेची शेपटी कुठे आखूड होते ते स्क्रीनवरच दिसेल. एखादा सूर शेजाऱ्यांच्या निम्माच टिकत असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा पीस मागव. तोवर पहिल्या पीसच्या हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प किंवा कॅपो लावून तोच सूर पुन्हा वाजव. वजन वाढल्यावर डेड स्पॉट दुसरीकडे सरकला, तर दोष नेकच्या थरथरीत आहे हे तुला तिथल्या तिथे कळेल. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

केबलच्या लांबीने आवाज मऊ होतो का, हे विचारणाऱ्या चौघांना: हो, होतो. तो पुढचा भाग.